तळहाताएवढा तुकडा आणि चारशे चौरस मीटर

मळी आंबवून तयार होणाऱ्या 'वॉश'मध्ये अल्कोहोल जेमतेम आठ-दहा टक्के असतं. डिस्टिलरीच्या कॉलममधून ते वर चढतं तसं पाणी मागे राहत जातं, आणि रेक्टिफाइड स्पिरिटपर्यंत फारसं काही अडत नाही. अडतं ते त्यानंतर. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी, असं मिश्रण उकळलं की त्याच्या वाफेतही तेच प्रमाण निघतं. शुद्ध अल्कोहोल उकळतं ७८.४ अंश सेल्सियसला आणि हे मिश्रण ७८.२ला. कॉलम आणखी उंच करा, आणखी वाफ जाळा, उपयोग नाही. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला मात्र भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १५४६४ प्रमाणे, आकारमानाने किमान ९९.५ टक्के शुद्धता लागते.

राहिलेल्या त्या चार-साडेचार टक्के पाण्यामागे रसायनशास्त्र शंभरहून जास्त वर्षं लागलेलं आहे. १९०२ मध्ये सिडनी यंग यांनी त्यात बेंझिन मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं आणि निर्जल अल्कोहोल मिळवलं. कित्येक दशकं कारखाने याच पद्धतीवर चालले. बेंझिनने कर्करोग होतो हे कळल्यावर त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आलं. मग मॉलिक्युलर सीव्ह आले, म्हणजे तीन अँगस्ट्रॉमची छिद्रं असलेले झिओलाइटचे मणी. पाण्याचा रेणू त्या छिद्रांत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. आज महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आवारात इथेनॉल कोरडं करणारे उंच दुहेरी टॉवर दिसतात, त्यांत बहुतेक ठिकाणी हेच मणी भरलेले असतात.

या लेखातली अभियंता ज्या वाटेने गेली ती चौथी. तिला माटुंग्याला शिकत असताना पॉलिमरची गोडी लागली, पुण्यात संशोधन करताना मेम्ब्रेन हाताशी आलं, आणि नंतर तिने भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत तेच मेम्ब्रेन गुंडाळीने बनवायची जबाबदारी घेतली. प्रयोगशाळेत चालणारी गोष्ट कारखान्यात चालवायची, असं एका वाक्यात सांगता येणारं हे काम. त्या एका वाक्यात काय काय दडलेलं आहे, ते तिच्या अनुभवातून पाहण्यासारखं आहे.

मेम्ब्रेनचं तत्त्व सोपं आहे. एका बाजूला नव्वद-शंभर अंश तापलेलं अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, आणि मध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, म्हणजे पीव्हीएचा, एक मायक्रॉनच्या आसपास जाडीचा थर. इचलकरंजीत सुताला खळ लावताना वापरतात त्याच कुळातलं हे पॉलिमर. त्याला पाण्याची ओढ आहे. पाण्याचे रेणू त्यात शोषले जातात, पलीकडे सरकतात आणि व्हॅक्यूमच्या बाजूला वाफ होऊन निघून जातात. अल्कोहोल बहुतांशी अलीकडेच राहतं. ७८.२ अंशांचं ते बंधन इथे लागूच होत नाही, कारण वेगळं होणं उकळण्याच्या जोरावर होत नाही, पॉलिमरच्या आवडीनिवडीवर होतं. शिवाय उष्णता लागते ती फक्त पलीकडे जाणाऱ्या पाण्याची वाफ करण्यापुरती, सगळं अल्कोहोल पुन्हा उकळावं लागत नाही.

या प्रक्रियेला परव्हेपोरेशन म्हणतात. १९१७ मध्ये अमेरिकेत फिलिप कोबर यांच्या सहायकाच्या लक्षात आलं की कोलोडियनच्या पिशवीत द्रव घालून ती घट्ट बांधून टांगली, तरी आतला द्रव कमी होत जातो. निरीक्षण त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. त्याचा कारखाना व्हायला मात्र पासष्ट वर्षं गेली. जर्मनीतल्या जीएफटी या कंपनीने पीव्हीएचा पातळ थर सच्छिद्र पॉलिॲक्रिलोनायट्राइलवर चढवून मेम्ब्रेन तयार केलं आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते उद्योगात आलं. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या बेतेनिव्हिल इथल्या साखर कारखान्यात दिवसाला दीड लाख लिटर इथेनॉल कोरडं करणारा प्लांट उभा राहिला. त्यात दोन हजार चौरस मीटरहून जास्त मेम्ब्रेन होतं. ही सगळी माहिती तिने विद्यार्थिदशेत वाचली होती. एवढ्या क्षेत्रफळाचा अर्थ तिला कळला तो भोसरीत.

प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या सेलमध्ये बसणारा तुकडा तळहाताएवढा, सुमारे चाळीस चौरस सेंटिमीटरचा. आता दिवसाला तीस हजार लिटर इथेनॉलचा हिशेब मांडू. रेक्टिफाइड स्पिरिटमधून दिवसाला साधारण चौदाशे किलो पाणी काढायचं, म्हणजे तासाला साठ किलो. एक चौरस मीटर मेम्ब्रेन सरासरी तासाला दीडशे ग्रॅम पाणी सोडतं असं धरलं, तर चारशे चौरस मीटर लागतं. तळहाताएवढ्या तुकड्याच्या एक लाख पट.

'एक लाख पट' ऐकलं की माणूस यंत्राच्या आकाराचा, मोटरच्या ताकदीचा विचार करू लागतो. तिच्या मते खरी अडचण भोकांच्या हिशेबात आहे. समजा, मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरला सरासरी एक सूक्ष्म भोक आहे. मग चाळीस चौरस सेंटिमीटरच्या अडीचशे तुकड्यांमधल्या एखाद्यातच ते सापडेल. विद्यार्थी तो तुकडा 'खराब' म्हणून टाकून देतो, दुसरा लावतो, आणि शोधनिबंधात छापला जाणारा आकडा चांगल्या तुकड्याचा असतो. यात कुणाची लबाडी नाही, पद्धतच तशी आहे. पण चारशे चौरस मीटरला तीच चारशे भोकं सगळीच्या सगळी वाट्याला येतात. टाकून द्यायला दुसरा तुकडा नसतो.

भोकामुळे नेमकं काय बिघडतं, हेही नीट समजून घ्यायला हवं. भोकातून निसटतं ते मुख्यतः अल्कोहोल. त्यामुळे तयार माल ओला राहत नाही, पण व्हॅक्यूमच्या बाजूला जमणाऱ्या पाण्यात अल्कोहोल वाढतं, ते परत कॉलमकडे पाठवावं लागतं, आणि कंडेन्सरवर व व्हॅक्यूम पंपावर बोजा पडतो. पाणी भरपूर असलेल्या पहिल्या टप्प्यात हे खपून जातं. शेवटच्या टप्प्यात, द्रवातलं पाणी एक टक्क्याच्या खाली आलेलं असताना, चांगलं मेम्ब्रेनही तासाला चौरस मीटरमागे वीस-पंचवीस ग्रॅमच पाणी सोडतं. तिथे भोकांमधून दहा ग्रॅम द्रव निसटला, तर पलीकडे जमणाऱ्या पाण्यात तीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं. सगळ्यात निर्दोष मेम्ब्रेन सगळ्यात शेवटच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे मेम्ब्रेन बसवलेल्या संचात, लावायचं, हा नियम तिने याच हिशेबावरून घालून दिला.

मेम्ब्रेन तीन थरांचं. खाली पॉलिस्टरचं न विणलेलं कापड, त्यावर सच्छिद्र पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे पॅन, आणि सर्वांत वर पीव्हीए. पाण्याची निवड वरचा थर करतो, पण तो चांगला बसणं खालच्या दोन थरांवर अवलंबून. पॅनचं दाट द्रावण डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, म्हणजे डीएमएफमध्ये, करायचं, सरकत्या कापडावर ब्लेडने पसरवायचं आणि लगेच पाण्याच्या टाकीत बुडवायचं. डीएमएफ पाण्यात निघून जातं, पाणी आत शिरतं आणि पॉलिमर छिद्रांसकट घट्ट होतो. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब आणि सौरीराजन यांनी समुद्राच्या पाण्यासाठी जे मेम्ब्रेन बनवलं, त्यामागेही हीच युक्ती होती. सौरीराजन तमिळनाडूचे. आज घरोघरी जे आरओ यंत्र आहे, त्याची सुरुवात त्यांच्या कामापासून होते, हे आपल्याकडे आणखी ठळकपणे सांगितलं जायला हवं.

भोसरीतली लाइन उन्हाळ्यात सुरळीत चालली. जूनच्या मध्यावर मेम्ब्रेनचा स्वभाव बदलला. द्रावण तेच, कापड तेच, ब्लेडची फट तीच, पण पॅनचा पृष्ठभाग किंचित पांढुरका, धुरकट येऊ लागला. त्यावर पीव्हीए चढवला की तो छिद्रांत खोल झिरपायचा, कुठे थर जाड व्हायचा आणि कुठे तुटायचा. कास्टिंगवरचे, म्हणजे द्रावण पसरवायच्या ब्लेडवरचे, काका या लाइनवर येण्याआधी कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये होते. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मॅडम, कापड हाताला सर्द लागतंय. हवा बघा जरा." ब्लेड आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती. डीएमएफ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे पावसाळी हवेत पॉलिमर पाण्यात बुडण्याआधीच घट्ट व्हायला सुरुवात होत होती. त्या जागेवर ॲक्रिलिकची पेटी बसवली, त्यात कोरडी हवा सोडली, टाकी ब्लेडच्या आणखी जवळ घेतली, आणि रोजच्या नोंदवहीत हवेतल्या आर्द्रतेचा रकाना वाढला. प्रयोगशाळेत हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता, कारण तिथे चोवीस तास एसी चालायचा आणि तुकडा दोन सेकंदांत पाण्यात जायचा.

टाकीतल्या पाण्याचीही तीच गोष्ट. तुकडा करताना ट्रेमधलं पाणी दर वेळी नवं असतं. लाइनवर मात्र मीटरमागून मीटर कापड जातं आणि दर मीटरबरोबर थोडं डीएमएफ टाकीत उतरतं. सकाळच्या पहिल्या शंभर मीटरना स्वच्छ पाणी मिळतं आणि संध्याकाळच्या शंभरांना डीएमएफ मिसळलेलं. दोन्हींची छिद्रं सारखी कशी येतील? उपाय असा निघाला की टाकी मुद्दामच थोड्या डीएमएफवर सुरू करायची आणि ते प्रमाण दिवसभर तेवढंच ठेवायचं. एका बाजूने ताजं पाणी, दुसऱ्या बाजूने ओव्हरफ्लो. काका दर तासाला टाकीतला एक थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतात, उजेडाकडे धरून आकडा वाचतात आणि व्हॉल्व्ह अर्धा फेरा इकडेतिकडे करतात. ओव्हरफ्लोचं पाणी सॉल्व्हंट रिकव्हरीला जातं, गटारात नाही. मेम्ब्रेन स्वच्छ तंत्रज्ञान म्हणून विकायचं आणि ते बनवताना डीएमएफ नाल्यात सोडायचं, हे तिला मान्य नव्हतं. रिकव्हरीच्या खर्चावर तिने शेवटपर्यंत तडजोड केली नाही. हा लेख लिहिणाराही त्या बाबतीत तिच्याच बाजूचा आहे.

आता वरचा थर. पीव्हीए गार पाण्यात नीट विरघळत नाही, आणि घाईने गरम पाण्यात टाकला तर पिठल्यात होतात तशा गाठी होतात, बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या. गार पाण्यात आधी भिजवायचा, मग हळूहळू नव्वद अंशांपर्यंत न्यायचा, गाळायचा आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत रात्रभर ठेवायचा. तीन टक्क्यांचं द्रावण चाळीस मायक्रॉन जाडीने पसरलं की वाळल्यावर एक मायक्रॉनच्या आसपास थर राहतो. डोळ्याला दिसणारही नाही अशी एखादी गाठ त्या थराच्या दसपट मोठी असते.

नुसता पीव्हीए गरम पाण्यात विरघळून जाईल, म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. त्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. प्रयोगशाळेत तिने ग्लुटाराल्डिहाइड वापरलं होतं, आम्लाचे काही थेंब टाकून. शंभर मिलिलिटरला ते छान चालतं, कारण द्रावण बनवलं की लगेच वापरून संपतं. लाइनवरचं तेच द्रावण पाळी संपेपर्यंत टाकीत उभं राहतं आणि उभ्या उभ्या घट्ट होऊ लागतं. सकाळी एक जाडी, दुपारी दुसरी, आणि संध्याकाळी टाकीत जेली. मॅलेइक आम्लाचा मार्ग बरा, ते थंड द्रावणात गप्प राहतं आणि उष्णता दिली की कामाला लागतं. टाकीचा प्रश्न सुटला आणि ओव्हनचा उभा राहिला. प्रयोगशाळेत तुकडा ओव्हनमध्ये तासभर ठेवत. लाइन मिनिटाला दोन मीटर चालते. तासभर उष्णता द्यायची तर ओव्हन एकशेवीस मीटर लांब हवा. तेवढी अख्खी शेडसुद्धा नव्हती.

गुंडाळी तशीच्या तशी भट्टीत ठेवून पाहिली. बाहेरचे वेढे लवकर तापले, आतले कितीतरी उशिरा. बाहेरचं मेम्ब्रेन इतकं घट्ट बांधलं गेलं की त्यातून पाणी जाईना, आणि आतलं इतकं सैल की त्यातून अल्कोहोलही जाई. तापमान वाढवून वेळ कमी करावा, तर खालच्या पॅनची छिद्रं मिटू लागायची. शेवटी दोन टप्पे ठरले. लाइनवरच्या छोट्या ओव्हनमध्ये फक्त वाळवायचं, मग शीट कापून रॅकवर टांगायच्या आणि गरम हवेच्या खोलीत सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा. पुढे त्या शीट तशाही प्लेटच्या मॉड्यूलमध्येच बसणार होत्या, त्यामुळे कापण्यात काही गमावलं नाही. सलग गुंडाळीचा अभिमान बाजूला ठेवून शीटवर येणं तिच्या काही सहकाऱ्यांना मागे जाण्यासारखं वाटलं. पण मेम्ब्रेन एकसारखं निघू लागलं ते त्यानंतरच.

तपासणीची रीत साधी आहे. शीटच्या वरच्या बाजूला अल्कोहोलमधली निळी शाई पसरायची, खालून हलकं व्हॅक्यूम द्यायचं, काही मिनिटांनी शीट उलटी करून दिव्याच्या टेबलावर ठेवायची. भोक असेल तिथे पांढऱ्या कापडावर निळा ठिपका उमटतो. हे ठिपके मोजायचं काम सुरुवातीला सगळ्यांनाच कंटाळवाणं वाटायचं. एका आठवड्यात ठिपके अचानक वाढले. विखुरलेले असते तर धूळ म्हणता आली असती, कापडाचे उभे राहिलेले तंतू म्हणता आले असते. पॉलिस्टरच्या कापडातला एखादा तंतू वर उचलला गेला की तो वरच्या दोन्ही थरांना भेदून जातो, हे नेहमीचंच. पण हे ठिपके एका सरळ ओळीत होते. काकांनी खिशातला टेप काढला. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सत्तेचाळीस सेंटिमीटर. पुढचा पुन्हा सत्तेचाळीसवर. त्यांनी लाइनवरच्या रोलरकडे पाहिलं आणि पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या गाइड रोलरवर हात फिरवला. पंधराला तीन पूर्णांक चौदाने गुणलं की सत्तेचाळीस येतात, हा हिशेब त्यांना कागदावर करावा लागला नाही. रोलरच्या कडेजवळ वाळलेल्या पीव्हीएचा एक कण चिकटला होता, नखाने खरवडून निघेल एवढाच. प्रत्येक फेऱ्याला तो मेम्ब्रेनवर एकदा टेकत होता.

त्या दिवसापासून ठिपक्यांचे नकाशे ठेवायची पद्धत सुरू झाली. प्रत्येक गुंडाळीचा लांबट कागद, त्यावर ठिपक्यांच्या जागा. कुठला ठिपका यंत्राचा, कुठला कापडाचा, कुठला हवेतल्या कचऱ्याचा, हे मांडणीवरून ओळखता येऊ लागलं. तिच्या दृष्टीने हे कागद तिच्या प्रबंधाइतकेच मोलाचे. मेम्ब्रेनविषयीचं छापील ज्ञान बहुतेक रेणूंविषयी आहे. रोलरवरच्या कणाविषयीचं ज्ञान कुठे छापलं जात नाही, आणि दर नव्या कारखान्याला ते पहिल्यापासून शिकावं लागतं.

जपानमधलं उदाहरण तिला फार आवडतं, कारण तिथे वेगळी वाट निवडली गेली. यामागुची विद्यापीठातल्या संशोधकांनी सच्छिद्र सिरॅमिक नळ्यांवर झिओलाइट ए या खनिजाचे स्फटिक सलग वाढवले. त्यांच्या ०.४ नॅनोमीटरच्या छिद्रांतून पाणी झपाट्याने जातं आणि अल्कोहोल जवळजवळ जातच नाही. त्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या प्लांटची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली: सोळा मॉड्यूल, प्रत्येकात १२५ नळ्या, १२० अंश तापमान, आणि तासाला ५३० लिटर सॉल्व्हंट, त्यात पाणी ०.२ टक्क्यांहून कमी. दोन हजार नळ्या म्हणजे दोन हजार वेगवेगळी मेम्ब्रेन. प्रत्येक नळी वेगळी तपासता येते, खराब निघाली तर एकच नळी जाते. मोठं क्षेत्रफळ सलग बनवण्याऐवजी लहान क्षेत्रफळ हजारो वेळा बनवायचं. त्या नळ्या महाग पडतात, आणि भोसरीतल्या छोट्या कंपनीला सिरॅमिक परवडण्यासारखं नव्हतं. पण शीटवर यायचं धैर्य तिला त्या दोन हजार नळ्यांमुळे आलं, असं ती सांगते.

मेम्ब्रेन झालं म्हणजे मॉड्यूल झालं असं नाही. आरओचं मेम्ब्रेन गोल गुंडाळून गोंदाने चिकटवतात. नव्वद अंशांच्या अल्कोहोलमध्ये नेहमीचे बरेच गोंद फुगतात. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या प्लेट, मध्ये शीट आणि भोवती गास्केट. जीएफटीच्या प्लांटमध्येही अशीच रचना होती. ती जड आहे, महाग आहे, पण एक शीट बदलायची तर बोल्ट सोडून बदलता येते.

आणखी एक गोष्ट मोठ्या मॉड्यूलमध्येच उघड झाली. पाणी मेम्ब्रेनमधून जाताना वाफ होतं, आणि ती वाफ व्हायला लागणारी उष्णता द्रवातूनच जाते. शंभर किलो द्रवातून एक किलो पाणी निघालं की द्रव सात-आठ अंशांनी थंड होतो. चाचणीच्या सेलमध्ये हे कळतच नाही, कारण तिथे तळहाताएवढ्या तुकड्यावरून लिटरभर गरम द्रव सारखा फिरत असतो. लांब मॉड्यूलमध्ये द्रव एका टोकाला पंचाण्णव अंशांवर शिरतो आणि दुसऱ्या टोकाला कोमट होऊन येतो, आणि थंड मेम्ब्रेनमधून पाणी फार मंद गतीने जातं. दोन मॉड्यूलच्या मध्ये हीटर घालावा लागतो, मग पुन्हा मॉड्यूल, पुन्हा हीटर. मेम्ब्रेनच्या जाहिरातीत हे हीटर दिसत नाहीत. प्लांटच्या अंदाजपत्रकात मात्र त्यांना चांगली मोठी जागा लागते.

पहिले ग्राहक डिस्टिलरीवाले नव्हते. एक तर मॉलिक्युलर सीव्ह तिथे आधीच पक्के बसलेले, आणि मोठ्या उत्पादनात त्यांना किमतीत मागे टाकणं कठीण. दुसरं म्हणजे इथेनॉलवर चाचण्या करायलाही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, साठ्याचा लिटर-लिटर हिशेब ठेवावा लागतो. म्हणून सुरुवातीच्या बहुतेक चाचण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलवर झाल्या. त्याचंही पाण्याशी असंच अडतं, वजनाने ८८ टक्क्यांच्या आसपास. औषध कंपन्या ते धुण्यासाठी, स्फटिकं काढण्यासाठी वापरतात आणि पाणी मिसळलं की त्याची किंमत जाते. त्यांना दिवसाला काही हजार लिटरच कोरडे करायचे असतात, बेंझिनसारखं तिसरं रसायन मालात नको असतं, आणि एकाच यंत्रावर आज एक सॉल्व्हंट तर उद्या दुसरा चालवायचा असतो. मेम्ब्रेनची जागा तिथे आहे हे तिने लवकर ओळखलं. या निर्णयामुळे कंपनी टिकली, असं म्हणायला हरकत नाही.

ग्राहकाच्या प्लांटवर मेम्ब्रेनचं आयुष्य पॉलिमरपेक्षा माणसांच्या हातात जास्त असतं. पीव्हीएला पाणी आवडतं, पण जास्त पाणी झालं की तो फुगतो, मऊ होतो आणि प्लेटच्या दाबाखाली फाटतो. एके ठिकाणी सुरुवात करताना टाकीच्या तळाशी उरलेलं ओलं सॉल्व्हंट आधी आत गेलं आणि पहिल्याच मॉड्यूलच्या शीट खराब झाल्या. मग तिने इंग्रजी मॅन्युअलसोबत मराठीत एक पान लिहून पॅनलशेजारी लावलं: आधी कोरडं सॉल्व्हंट, मग तापमान, मग व्हॅक्यूम, बंद करताना याच्या उलट. पाळीवरच्या ऑपरेटरांना विचारून त्यातले शब्द ठरवले. पुढच्या प्रत्येक प्लांटबरोबर ते पान गेलं, गुजरातेत गेलं तेव्हा गुजरातीत.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून २०२५ वर आणलं, तेव्हा डिस्टिलऱ्यांकडे पुन्हा पाहायची वेळ आली. सीव्हच्या टॉवरमधले मणी पाण्याने भरले की तयार मालातलाच थोडा वाटा उलटा सोडून ते सुकवावे लागतात, आणि ते ओलं झालेलं अल्कोहोल परत कॉलमकडे जातं. त्यासाठी पुन्हा वाफ जळते, आणि नव्या मालासाठी कॉलममध्ये तेवढी जागा कमी पडते. परदेशात काही इथेनॉल प्लांटमध्ये हाच परतीचा प्रवाह मेम्ब्रेनवर घेतात. सीव्ह काढायचे नाहीत, फक्त त्यांचं ओझं हलकं करायचं. तिला हा विचार पटला, कारण त्यात मेम्ब्रेनला सगळ्या मालाशी झुंजावं लागत नाही आणि कमी क्षेत्रफळात जास्त पाणी काढता येतं. परतीच्या प्रवाहात पाणी भरपूर असतं, म्हणजे मेम्ब्रेन आपल्या सगळ्यात जोरकस टप्प्यात काम करतं.

सध्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत अशा प्रवाहाच्या छोट्या हिश्श्यावर तिची चाचणी चालू आहे. मोटर फ्लेमप्रूफ, स्किडभोवती पिवळा पट्टा, आणि पाळीला दोन वेळा नमुने. तयार मालातलं पाणी कार्ल फिशरच्या यंत्रावर मोजायचं, पलीकडच्या पाण्यातलं अल्कोहोल घनतेवरून. फ्यूसेल तेलाचा अंश आणि कॉलममधून कधी कधी वर येणारं थोडं आम्ल यांनी पीव्हीएचं काय होतं, हे या हंगामात कळायला हवं. आयसोप्रोपिलवरच्या चाचण्यांत हे पदार्थ नव्हतेच. गाळप संपलं की मॉड्यूल उघडून शीट भोसरीला यायच्या, निळी शाई लागायची, आणि काकांच्या टेबलावर नवे नकाशे जुन्यांशेजारी ठेवायचे आहेत. काका पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या जागी येणारी आयटीआय झालेली मुलगी आतापासून त्यांच्यासोबत पाळीला बसते. रिफ्रॅक्टोमीटर ती वाचते, रोलरवरून हात कसा फिरवायचा ते तिला काका दाखवतात.